शॉकअप गेलेत, राव!

आपली पिढी पाठीच्या बाबतीत भलतीच हळवी आहे. ऑफिसच्या खुर्चीला लंबर सपोर्ट आहे का, हे आपण पगाराइतक्याच गांभीर्याने बघतो. गादी घ्यायची तर मेमरी फोमची. शूज घ्यायचे तर सोल अंगठ्याने दाबून, मान तिरकी करून, किती कुशन आहे याचा अंदाज घेणार. आणि एवढी लाडावलेली पाठ घेऊन आपण रोज तास-दीड तास ज्या गाडीत बसतो, तिच्या चार कोपऱ्यांत चार नळकांडी आपल्यासाठी मर मर मरत असतात, त्यांची साधी चौकशीही आपण कधी करत नाही!

शॉक ॲब्सॉर्बर. गॅरेजच्या भाषेत ‘शॉकअप’. काही ठिकाणी ‘जंपर’. गाडी धुणारा त्यांना पुसत नाही, सेल्समन त्यांच्याबद्दल बोलत नाही आणि डॅशबोर्डवर त्यांच्यासाठी साधा एक लाल दिवासुद्धा नाही. इंजिन बिघडलं की आवाज करतं, बॅटरी गेली की गाडी हलत नाही, एसी गेला तर घरात भांडणं होतात. शॉकअप मात्र गुपचूप जातात. आजचा कॉलम त्यांच्यावर.

नावात घोळ आहे

पहिली गंमत म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर धक्का शोषत नाही. ते काम स्प्रिंगचं. खड्ड्यात चाक गेलं की स्प्रिंग दबते, धक्का पोटात घेते. पण स्प्रिंगचा स्वभाव म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतला उत्साही कार्यकर्ता. एकदा नाचायला लागला की थांबायचं नावच नाही. दबली की उसळणार, उसळली की परत दबणार. नुसत्या स्प्रिंगवर गाडी ठेवली तर एका खड्ड्यानंतर पुढचा चौक येईपर्यंत आपण झुलतच राहू.

इथे शॉकअपची एन्ट्री. तो त्या कार्यकर्त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, “बास आता.” म्हणूनच ब्रिटिश मंडळी त्याला ‘डॅम्पर’ म्हणतात, आणि ते नाव जास्त बरोबर आहे.

आत काय असतं? इंजेक्शनची मोठी सिरिंज डोळ्यांसमोर आणा. एक बंद नळी, आत तेल, तेलात एक पिस्टन आणि त्या पिस्टनला बारीक भोकं आणि व्हॉल्व्ह. चाक वर-खाली झालं की पिस्टन वर-खाली होतो आणि तेलाला त्या भोकांतून जबरदस्तीने जावं लागतं. तेल काही सुखासुखी जात नाही. ते अडतं, आणि त्या अडण्यातच उसळी मरते. उसळीची ताकद जाते कुठे? उष्णतेत. खराब रस्त्यावर तासभर गाडी चालवली की शॉकअपची नळी चांगली तापलेली असते. सतत घुसळून तेलाचा फेस होऊ नये म्हणून बऱ्याच शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन वायू भरलेला असतो. दुकानात ‘गॅसवाला’ म्हणतात तो हाच. त्यातसुद्धा तेल असतंच बरं का!

आपल्या छोट्या फॅमिली कारमध्ये पुढच्या चाकांना सहसा ‘मॅकफर्सन स्ट्रट’ असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनीअरने १९४०च्या दशकात ही रचना पुढे आणली. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. जागा कमी, सुटे भाग कमी, खर्च कमी. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८००च्या पुढच्या चाकांनाही हीच रचना होती. ॲम्बॅसॅडरच्या मागच्या चाकांना असायचे ते पोलादी पाटे. ते पाटे एकमेकांवर घासून थोडी उसळी आपोआप मारायचे. कॉइल स्प्रिंगला ती सोय नाही. तिचा सगळा भार शॉकअपवर.

सवय नावाचा प्रॉब्लेम

शॉकअप एका दिवसात जात नाहीत. सील हळूहळू झिजतं, तेल थेंब थेंब कमी होतं, आतले व्हॉल्व्ह सैल पडतात. आज गाडी कालच्यापेक्षा एवढीशी जास्त झुलते. उद्या आणखी एवढीशी. रोज चालवणाऱ्याला ते कळतच नाही. तो नकळत स्पीड ब्रेकरला जास्त स्लो करायला लागतो, वळणावर स्टिअरिंग जास्त घट्ट धरतो आणि म्हणतो, “गाडी मस्त आहे.”

फरक कळतो तो मागे बसणाऱ्याला.

आमच्या घरी हेच झालं. गाडी अकरा वर्षांची हॅचबॅक, ७८ हजार किलोमीटर चाललेली. कोणती ते सांगत नाही. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये तशा चार तरी सापडतील. चालवतात मुख्यतः बाबा. वीकेंडला मी. आणि मागच्या सीटवर डावीकडे, खिडकीशी, आई. तिची ती ठरलेली जागा.

गेल्या वर्षभरात आई हळूहळू गाडीत बसेनाशी झाली. आधी लांबचं बंद झालं. वाईला मामाकडे जायचं म्हटलं की, “तुम्ही जाऊन या, मला घरीच बरं वाटतं.” मग भाच्याच्या साखरपुड्याला ती एसटीने गेली. “एसटीत पाय मोकळे राहतात,” असं कारण दिलं. ज्या बाईने आयुष्यभर एसटीला नावं ठेवली, तिला एकाएकी एसटीचा पुळका? शेवटी मंडईपर्यंतसुद्धा ती रिक्षाच बघायला लागली.

खोदून विचारल्यावर म्हणाली, “अगं, कंबर धरते. खड्ड्यात गाडी गेली की माझी उडीच होते. तुझ्या बाबांना सांगितलं तर म्हणतात, रस्तेच तसे आहेत.”

बाबांचं उत्तर तयार होतंच. “रस्तेच तसे आहेत! गाडीला काय झालंय? पाण्यासारखी चालते.”

पाण्यासारखी, हे मात्र खरं होतं. लाटा पण तशाच येत होत्या.

आईची कंबर जुनी दुखरी आहे, डॉक्टरांची औषधं चालू आहेत, त्यात मी काही डॉक्टर नाही. पण एखादं माणूस घराबाहेर पडायचं टाळायला लागतं आणि कारण ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं, तेव्हा एकदा गाडीखाली वाकून बघायला काय हरकत आहे? हा माझा सगळा मुद्दा होता. बाबांनी तो ‘बघू’ या सदरात टाकला.

मुद्दा फक्त कंबरेचा नाही

बाबांना पटवायला मला वेगळा मार्ग घ्यावा लागला, आणि तोच जास्त महत्त्वाचा आहे. शॉकअप आरामासाठी असतात हा आपला मोठा गैरसमज. ते आधी सेफ्टीसाठी असतात.

गाडी रस्त्याला धरून असते ती फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी टायरचा साधारण तळहाताएवढा भाग जमिनीला टेकलेला असतो. ब्रेक, स्टिअरिंग, एबीएस, सगळ्यांचा कारभार त्या चार तळहातांवर. स्प्रिंगवर बसलेली बॉडी सेकंदाला साधारण एक-दीड वेळा झुलते, पण चाक स्वतः सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरू शकतं. ती थरथर शॉकअपने मारली नाही तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, टिपऱ्या खेळल्यासारखं नाचत राहतं. हवेत असलेल्या चाकाला तुम्ही कितीही ब्रेक मारा, उपयोग शून्य!

साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. ओल्या, उखडलेल्या रस्त्यावर पुढे अचानक बाइकवाला आडवा आला, तर थांबायला लागणारं अंतर थोडं जरी वाढलं तरी ते त्या बाइकवाल्याच्या पायापर्यंत पोहोचतं. “पण गाडीत एबीएस आहे ना?” असं विचारणाऱ्यांसाठी: भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, चांगलंच झालं, पण एबीएसलाही टायर जमिनीवरच लागतो. तो पकड नीट वापरतो. नसलेली पकड आणून देत नाही.

शिवाय झिजलेले शॉकअप एकटे जात नाहीत, वरात घेऊन जातात. टायर उड्या मारत घासला की त्यावर ठरावीक अंतराने खोलगट चट्टे पडतात. बुश, बॉल जॉइंट, माउंटिंग यांच्यावर रोजचा मार पडतो. म्हणजे वाचवलेले पैसे टायरच्या दुकानात जातात.

टायरचं नाव काढल्यावर बाबांनी चष्मा काढला. टायर त्यांनी दोनच वर्षांपूर्वी बदलले होते. पैशांचं बोलणं त्यांना कळतं.

पार्किंगमधली टेस्ट

सगळ्यात सोपी टेस्ट कुठलंही टूल न घेता होते. गाडी सपाट जागी उभी करायची. एका कोपऱ्यावर, बॉनेटच्या कडेला, दोन्ही हातांनी जोर देऊन दोन-तीनदा दाबायचं आणि सोडून द्यायचं. शॉकअप ठीक असेल तर गाडी वर येते आणि तिथेच बसते. दोन-तीन वेळा डुलली तर समजा, मंडळी रिटायर झाली. चारही कोपऱ्यांना करून बघा. वॉचमन विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

पण या टेस्टवर आंधळा भरवसा नको. गाडी डुलली तर शॉकअप नक्की संशयित; नाही डुलली म्हणून ते निर्दोष सुटले असं नाही. हाताने दाबणं वेगळं आणि साठच्या स्पीडला खड्डा वेगळा. म्हणून आणखी चार गोष्टी बघायच्या:

चाकामागे टॉर्च मारून बघा. शॉकअपच्या नळीवर तेल ओघळून त्यावर धूळ चिकटून काळा चिखल झालाय का? हलका ओलसरपणा चालतो, ओघळ चालत नाही.

टायरवरून तळहात फिरवा. उंच-सखल लागतंय का?

ब्रेक मारल्यावर गाडी नाक खुपसते का? वळणावर एका बाजूला कलून परत यायला वेळ लावते का?

स्पीड ब्रेकर ओलांडल्यावर मागची बाजू एकदा आदळून परत उसळते का? हे बघायला स्वतः मागे बसा. ड्रायव्हरच्या सीटवरून निम्म्या गोष्टी कळतच नाहीत.

जाता जाता, स्पीड ब्रेकरबद्दल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या नियमावलीत गोलाकार स्पीड ब्रेकरचं माप दिलंय: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर. म्हणजे ताशी २५ किलोमीटरने सुखाने पार व्हावा असा. आता तुमच्या गल्लीतला, सोसायटीच्या सेक्रेटरींनी एका रात्रीत घालून घेतलेला उंचवटा आठवा. बाबांचं ‘रस्तेच तसे आहेत’ अगदीच चुकीचं नाही. फक्त रस्ता आपल्या हातात नाही, शॉकअप आहे.

दोन कोटेशनं

पार्किंगमध्ये आमची गाडी मागच्या बाजूने अडीच वेळा डुलली. बाबा म्हणाले, “दोनच.” असो.

पहिलं कोटेशन घेतलं एका चकाचक सर्व्हिस सेंटरमध्ये. एसी लाउंज, मशीनची कॉफी, टॅबलेट घेतलेला ॲडव्हायजर. प्रश्न मी विचारत होते, उत्तरं बाबांना मिळत होती. (मुलींनो, हे तुम्हाला पाठ असेल.) इस्टिमेट आलं ३१ हजारांचं! चार शॉकअप, चार स्प्रिंग, दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड. “स्प्रिंग का बदलायच्या? तुटल्यात? बसल्यात?” मी विचारलं. “सेटच बदलतात मॅडम,” उत्तर आलं. “जुना पार्ट दाखवाल?” “तसं पॉलिसीमध्ये नाही.”

एवढ्या एका वाक्यावर मी गाडीची किल्ली परत मागितली. काय खराब झालंय ते न दाखवता जो पैसे सांगतो, तो बरोबर असला तरी त्याला पैसे देऊ नयेत.

दुसरं कोटेशन आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्या मामांचं. पुण्यात मामा म्हणजे ट्रॅफिक पोलीस, पण हे खरेखुरे मामा. हात कायम काळे, कानाला पेन, बोलणं कमी. त्यांनी आधी गाडी स्वतः चालवली, मागे मला बसवलं. मग जॅकवर घेतली. चाक दोन्ही हातांनी धरून हलवून बघितलं, लोअर आर्मच्या बुशमध्ये सळई घालून बघितली.

“ताई, इकडे या. हे बघा.” मागचे दोन्ही शॉकअप तेलाने माखलेले. पुढचा डावा ओघळलेला. उजवा वरून कोरडा. “स्प्रिंगला काही नाही, हाइट बरोबर आहे. आर्मला काही नाही. लिंक रॉडला पण नाही. खट खट येते ती वरच्या माउंटिंगची. बेअरिंग गेलंय.”

“मग उजवा कोरडा आहे तो ठेवायचा?”

मामा हसले. “एक चप्पल नवी, एक जुनी घालून चालाल का?”

हा नियम कायमचा लक्षात ठेवा. शॉकअप जोडीने बदलतात. पुढचे दोन्ही, किंवा मागचे दोन्ही. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असेल तर गाडी ब्रेकला आणि वळणाला दोन बाजूंनी दोन तऱ्हांनी वागते. आणि उलटही तितकंच खरं: प्रत्येक खट खट म्हणजे शॉकअप नव्हे. लिंक रॉड, बुश, माउंटिंग, बॉल जॉइंट, कुणीही आवाज करू शकतो. आधी आरोपी शोधा, मग शिक्षा.

नाना पेठ

पार्ट आणायला मी आणि मामांचा पोरगा नाना पेठेत गेलो. पुण्यात स्पेअर पार्टचं नाव निघालं की नाना पेठच, जसं मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. बोळात बोळ, दुकानाच्या बाहेर बंपर टांगलेले, आणि काउंटरवरचा माणूस गाडीचं मॉडेल ऐकल्या ऐकल्या वर न बघता खोका पुढे सरकवतो.

इथे तीन पर्याय मिळतात. एक, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला ‘जेन्युइन’. दोन, शॉकअप बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीच्या स्वतःच्या खोक्यातला. गाड्यांच्या कंपन्या शॉकअप सहसा स्वतः बनवत नाहीत, बाहेरून घेतात. त्यामुळे दुसरा पर्याय वाईट मुळीच नाही. गॅब्रिएल इंडियासारखी कंपनी तर १९६१ सालापासून याच धंद्यात आहे. आणि तिसरा पर्याय, ‘रिपेअर’ केलेला. जुन्या नळीला भोक पाडून, तेल भरून, वेल्डिंग करून, काळा रंग मारलेला. किंमत निम्म्याहून कमी. दिसायला नवा कोरा.

तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नका. झिजलेले व्हॉल्व्ह तेल भरून नवे होत नाहीत. आणि गॅस भरलेल्या नळीला भोक पाडणं हे तसंही शहाणपणाचं काम नाही. खोक्यावरचं सील, छापलेली एमआरपी, पार्ट नंबर बघा आणि पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ऑटो पार्ट्सवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तोही बिलावर बरोबर लावलाय का बघा.

तीन तासांचं काम

मागचे शॉकअप बदलणं म्हणजे किरकोळ. आमच्या गाडीत मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. वर एक बोल्ट, खाली एक बोल्ट. मामांनी नवा शॉकअप लावायच्या आधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबला, पूर्ण ओढला. “दुकानात आडवा पडून असतो ना, आत हवा शिरते. ती काढून घ्यायची.” नवा दाबायला जड आणि यायला संथ. मग त्यांनी जुना माझ्या हातात दिला. दाबला, तर तो आत गेला आणि तिथेच बसून राहिला. मध्येच कुठेतरी लूज लागत होता. चार महिन्यांचं माझं बोलणं जे करू शकलं नाही, ते त्या नळकांड्याने एका मिनिटात केलं. बाबांनी तो हातात घेतला, दोनदा दाबून बघितला आणि काहीच बोलले नाहीत.

पुढचं काम मात्र खरं कौशल्याचं. चाक काढलं, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवली, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर सोडवली, लिंक रॉड काढला, खालचे दोन जाड बोल्ट, वर बॉनेटखालचे तीन नट, आणि अख्खा खांब बाहेर. आता त्या खांबावर दाबून बसवलेली स्प्रिंग असते. तिच्यात एवढा जोर कोंडलेला असतो की वरचा मधला नट तसाच उघडला तर ती तोफेसारखी सुटते. म्हणून आधी कॉम्प्रेसर लावून स्प्रिंग आवळायची, मगच त्या नटाला हात लावायचा. व्हिडिओ बघून घरी वायपर बदला, एअर फिल्टर बदला, खुशाल. स्ट्रटचा मधला नट घरी उघडू नका. हे चेष्टेत सांगत नाहीये.

स्प्रिंग तीच, शॉकअप नवा, वरचं माउंटिंग आणि बेअरिंग नवं, रबरी बंप स्टॉप आणि धुळीचं कव्हर नवं. ही शेवटची किरकोळ दिसणारी रबरं वाचवायच्या भानगडीत पडू नका. कव्हर फाटलं की धूळ दांड्यावर बसते, दांडा सीलला घासतो आणि नवा शॉकअप लवकरच जुना होतो. सगळं खोललेलंच असतं, मजुरी एकदाच लागते.

आणि काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट. पुढचे ते दोन जाड बोल्ट सोडले की चाकाचा कोन किंचित हलतोच. अलाइनमेंट न करता गाडी तशीच फिरवली तर टायर एका कडेने झिजणार, आणि ज्यासाठी एवढं केलं तेच पाण्यात.

हिशेब

पुढचे दोन शॉकअप ४,७००. मागचे दोन २,५००. माउंटिंग-बेअरिंग १,३००. चारही बाजूंचे बंप स्टॉप आणि कव्हर ७२०. मजुरी २,४००. अलाइनमेंट-बॅलन्सिंग ८५०. एकूण १२,४७० रुपये. हे आमच्या गाडीचं आणि आमच्या गॅरेजचं बिल. मोठ्या गाडीला जास्त येईल.

“अकरा वर्षांच्या गाडीवर साडेबारा हजार?” हा प्रश्न बाबांनी विचारला, काकांनी विचारला, माझ्या टीममधल्या दोघांनी विचारला. “त्यापेक्षा एक्सचेंजमध्ये देऊन टाक ना, नवीन घे.” बरोबर आहे, नवीन घ्यायला कुणाला आवडत नाही? पण आमच्या गाडीचं रजिस्ट्रेशन संपायला अजून चार वर्षं आहेत. इंजिन ठणठणीत. १२,४७० भागिले ४८ महिने. महिन्याला साधारण २६० रुपये. एवढ्यात मल्टिप्लेक्सचे पॉपकॉर्न येतात, आणि नव्या गाडीच्या ईएमआयचा एक कोपरासुद्धा येत नाही. गाडी सडलेली असती, इंजिन तेल पीत असतं, तर मीही नवीनच्या बाजूने बोलले असते. पण ज्या गाडीची फक्त उसळी बिघडलीय, तिला भंगार म्हणणं म्हणजे गुडघा दुखतो म्हणून माणसाला निकालात काढणं.

फरक पडला का?

पडला. खड्डे तेच आहेत, मऊ झालेले नाहीत. उलट नव्या शॉकअपची गाडी पहिल्या दिवशी थोडी कडकच वाटते, कारण आपल्याला झुलायची सवय झालेली असते. फरक खड्ड्यानंतर कळतो. एक धक्का लागतो आणि तिथेच संपतो. ‘धप्प’, आणि शांतता. आधी ‘धप्प’नंतर डुलूक डुलूक डुलूक असायचं. ब्रेकला नाक खुपसणं बंद. वळणावर गाडी एकदा कलते आणि तशीच धरून राहते.

दोन रविवारांनंतर आम्ही वाईला निघालो. आईला कुणी आग्रह केला नाही. तीच पर्स घेऊन खाली आली, मागे डावीकडे बसली आणि शाल पांघरली. शिरवळच्या आधी मी आरशात बघितलं तर डोकं काचेला टेकवून तिला झोप लागली होती. कंबर बरी झाली असं मी म्हणणार नाही, वाईला पोचल्यावर तिने मलम मागितलंच. पण संध्याकाळी परत निघताना एसटीचं नाव काढलं नाही.

बाबांची प्रतिक्रिया? टोलनाका गेल्यावर म्हणाले, “रस्ता बराच सुधारलाय हं यांनी.”

आम्ही दोघी काही बोललो नाही.

तुमच्यासाठी

किती किलोमीटरला बदलायचे, याचा पक्का आकडा नाही. हायवेवर चालणारी गाडी आणि रोज उखडलेल्या सर्व्हिस रोडवरून जाणारी गाडी यांचं आयुष्य सारखं कसं असेल? चाळीस हजारांनंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला ‘शॉकअप बघा’ असं जॉब कार्डवर स्वतः लिहून घ्या. टायर बदलताना चाकं निघालेलीच असतात, तेव्हा दोन मिनिटं आत डोकावा. टायरमध्ये हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा, कमी-जास्त हवेचा भार शेवटी सस्पेन्शनवरच येतो. डिकीत वर्षभर फिरणारी जुनी पुस्तकं, डंबेल आणि दिवाळीतले रिकामे डबे बाहेर काढा.

आणि चेकिंग मे महिन्यात करा. बहुतेक लोक पावसाळा संपल्यावर गॅरेज गाठतात, ‘आता खड्ड्यांत जाऊन आलीच आहे, एकदाच करू’ म्हणून. लॉजिक बरोबर वाटतं, पण चाक रस्त्याला धरून ठेवायची सगळ्यात जास्त गरज पावसातच असते.

या रविवारी उशिरा उठा, चहा घ्या, खाली पार्किंगमध्ये जा आणि गाडीचे चारही कोपरे दाबून बघा. मग घरातल्या कुणाला तरी गाडी चालवायला सांगा आणि तुम्ही मागच्या सीटवर बसून एक चक्कर मारून या. स्पीड ब्रेकर चुकवू नका.